हिरवा गंज

मावशीची व्हॅन अठ्ठावीस वर्षांची होती आणि मावशी चोपन्न वर्षांची. थंडीच्या दिवसांत सकाळी उठायचं म्हटलं की दोघींची कुरकुर अगदी सारखी. फरक एवढाच, की मावशी शेवटी उठायची.

त्या मंगळवारी व्हॅन उठली नाही.

सव्वासहा वाजले होते. रात्रीत पडलेलं दव काचेवर गोठून पांढरं झालं होतं. मावशीने ते फुटक्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाने खरवडलं, आत बसली, चावी अर्धी फिरवली आणि हीटरचा पिवळा दिवा विझायची वाट पाहिली. डिझेलच्या जुन्या गाडीला थंडीत आधी पोटात ऊब द्यावी लागते, मगच ती हलते. दिवा विझला. मावशीने सेल्फ मारला. व्हॅनने 'ऊंऽ' असा एक लांबट आवाज काढला, पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं म्हणा ना, आणि गप्प झाली. पुन्हा सेल्फ. पुन्हा 'ऊंऽ', पहिल्यापेक्षा आखूड. तिसऱ्या वेळी नुसतंच 'टक्'.

अकरा मुलं आपापल्या दारात दप्तरं पाठीला लावून उभी असणार होती. शाळेचं फाटक बरोबर साडेसातला बंद होत असे. नऊ वर्षं मावशी शाळेच्या मुलांची ने-आण करत होती. पहिल्या वर्षी चढलेली मुलं आता मिशा फुटून तिला रस्त्यात हात करायची.

खरं तर अशा वेळी तिला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नव्हती. अंगणाला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कालचं वर्तमानपत्र उघडून, एक माणूस बसला होता. आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा असा माणूस दुसरा नाही, असं सगळा बाजार म्हणे. लोक त्यांना उस्ताद म्हणत. मावशीचेच ते यजमान. अडचण एवढीच होती, की चार महिने नवराबायकोचा अबोला चालू होता.

आता अबोला म्हणजे अगदी मौनव्रत नव्हे. एका घरात राहायचं आणि एका पातेल्यातला चहा प्यायचा, तर काही ना काही बोलावं लागतंच. उस्ताद ते भिंतीवरच्या घड्याळाला सांगत. "कुणाला दिसला असेल तर माझा चष्मा कुठे आहे?" मावशी चहाच्या पातेल्याला उत्तर देई, "ज्याचा चष्मा हरवलाय त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावावा." लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीचा फोन आला की दोघंही तिच्याशी इतकं भरभरून बोलत, की ती म्हणे, "आईबाबा, तुमचं आजकाल फारच छान चाललेलं दिसतंय."

हे सगळं सुरू झालं एका चाकावरून. साखरेच्या आजाराने उस्तादांच्या बोटांच्या टोकांतली जाण हळूहळू गेली होती. गरम कप हातात घेतला तरी ते कळायला त्यांना तो गालाला लावावा लागे. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पावसाळ्याच्या शेवटी बेकरीवाल्याच्या गाडीचं मागचं चाक त्यांनी बसवलं, नट आवळले, हाताने चाचपले, आणि गाडी दिली. दोन नट सैल राहिले होते. वीस किलोमीटरवर चाक डुलायला लागलं. बेकरीवाला शहाणा, त्याने गाडी बाजूला घेतली, म्हणून सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी तो आला. ओरडला नाही, भांडला नाही. उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उस्तादांनी त्याच दिवशी अंगणातल्या गॅरेजचं शटर खाली ओढलं.

संध्याकाळी मावशीला त्यांची समजूत घालायची होती. म्हणायचं होतं, फार राबलात, आता जरा बसा. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. आता तुमच्याच्याने नाही व्हायचं ते."

उस्तादांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं. तेव्हापासून ते घड्याळाशीच बोलत होते. मावशीही काही कमी नव्हती. आपलं चुकलं हे तिला दुसऱ्याच मिनिटाला कळलं होतं, पण आधी कोण बोलणार या मानापमानात चार महिने गेले.

रिकाम्या माणसाला उद्योग हवा. गॅरेजच्या शटरचा उरलेला हिरवा रंग होता, आणि ब्रश धरायला बोटांच्या टोकांत जाण लागत नाही. उस्तादांनी फाटक रंगवलं. स्टूल रंगवलं, शिडी रंगवली, पत्रपेटी, झारी, स्वयंपाकघरातली फळी रंगवली. हलत नाही ते रंगवायचं, असा त्यांचा नियम दिसत होता, आणि मावशी जेवल्यावर जास्त वेळ एका जागी बसायला भ्यायला लागली. शेवटी एक आठवडाभर ते व्हॅनच्या पोटाखाली जाऊन झोपले आणि गंज लागू नये म्हणून तिचा खालचा सांगाडा रंगवून काढला. ब्रश पोचणार नाही अशी जागा त्यांनी ठेवली नाही. मग रंग संपला आणि ते खिडकीत येऊन बसले.

तर मंगळवारी मावशी खिडकीकडे न बघता शेजारी गेली आणि वकिलांना उठवून आणलं. वकिलांची गाडी नवी होती, आणि गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. जगात असा माणूस क्वचित सापडतो. त्यांनी आपली गाडी व्हॅनला नाकाशी नाक लावून उभी केली, जंपर केबल काढल्या, लाल चिमटा बॅटरीला लावला, काळा चिमटा इंजिनाच्या लोखंडी कडीला लावला आणि म्हणाले, "मारा."

व्हॅन पहिल्याच सेल्फला धडधडली.

"बॅटरी गेलीय तुमची," वकिलांनी निकाल दिला.

मावशी शाळेत पोचली तेव्हा सात एकेचाळीस झाले होते. फाटक बंद. चौकीदाराने उघडलं, पण वहीत लिहून घेतलं. ही वही म्हणजे मोठ्या बाईंचं नवं खूळ होतं. एका महिन्यात तीन उशीर झाले की त्या फेरीचं काम नव्या मिनीबसवाल्यांना द्यायचं. मिनीबसवाले दोन महिन्यांपासून शाळेत खेटे घालत होतेच.

फेरी गेली, तर या व्हॅनला अंगणात ठेवून काय करणार? ती भंगारात घालावी लागणार. आणि मावशीला व्हॅनपेक्षा वेगळीच काळजी होती, ती तिने कुणालाच सांगितली नव्हती. रोज सकाळी व्हॅन सुरू झाली, की खिडकीतलं वर्तमानपत्र बोटभर खाली येई. उस्ताद ऐकत असत. मावशी फाटकातून बाहेर पडून दुसरा गिअर टाकी, तेव्हा ते वर्तमानपत्र पुन्हा वर जाई. चार महिन्यांत दिवसभरातून तेवढी पाच मिनिटं तो माणूस जिवंत असल्यासारखा वाटे. व्हॅन गेली, तर ते खिडकीतून उठतील, पलंगावर जाऊन पडतील, आणि मग त्यांना कुणीच उठवू शकणार नाही, याची तिला मनातून भीती वाटत होती.

त्याच दुपारी तिने नवी बॅटरी बसवून घेतली.

बुधवारी सकाळी नव्या बॅटरीवर व्हॅनने 'ऊंऽ' केलं, आणि 'टक्'. मावशीला वाटलं, आपलंच ऐकण्यात चुकलं. पुन्हा चावी फिरवली. टक्. वकील पुन्हा आले, तोंडात ब्रश तसाच ठेवून. लाल चिमटा, काळा चिमटा, धडधड. सात छत्तीस. वहीत दुसरी नोंद.

दुपारी तिने व्हॅन बॅटरीवाल्याकडे नेली. उन्हात उभी असलेली व्हॅन एका हाकेला ओ देत होती, आज्ञाधारक सुनेसारखी. बॅटरीवाल्याने बॅटरी तपासली, ती ठणठणीत निघाली. मग त्याने कान खाजवला. "सेल्फच गेला असणार. दोन दिवस गाडी सोडा इथे."

"सेल्फ गेलाय तर मग आत्ता कसा चालतोय?"

"म्हणूनच तर सोडा म्हणतोय."

दोन दिवस गाडी सोडायची, तर तिसरा उशीर झालाच. मावशी व्हॅन घेऊन घरी आली. संध्याकाळी वकील फाटकाशी आले आणि हळहळून म्हणाले, "मावशी, मला उद्या पहाटेच निघायचंय. बाहेरगावी केस आहे, तीन दिवस तरी मी नाही." दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

जेवताना उस्ताद घड्याळाला म्हणाले, "नवी बॅटरी आणली म्हणे कुणीतरी. जुनी मेली होती हे कुणी तपासलं होतं का?"

मावशी आधीच कावलेली होती. ती पातेल्याला म्हणाली, "विचारायला घरात माणूस असतं, तर त्याला विचारलं असतं."

उस्तादांचा घास हातात राहिला. मग त्यांनी तो खाल्ला आणि ताट उचलून उठले. मावशीला वाटलं, आपली जीभ कापून त्या पातेल्यात टाकावी.

गुरुवारी ती पाचलाच उठली. वकिलांची गाडी गेलेली होती. तिने किटलीभर पाणी उकळलं, बाहेर येऊन ड्रायव्हरची सीट वर उचलली, कारण त्या व्हॅनचं इंजिन सीटच्या खाली होतं, आणि एवढ्या वर्षांत उस्तादांना करताना पाहून जे जे कळलं होतं ते सगळं केलं. बॅटरीच्या टोकांवर गरम पाणी ओतलं, फडक्याने पुसलं, पाना घेऊन आवळलं. इंजिनावर जुनी सतरंजी टाकली. हीटरचा दिवा एकदाऐवजी तीनदा लावून विझू दिला.

ऊंऽ. टक्.

तिसऱ्या सेल्फनंतर तिला तापलेल्या प्लास्टिकचा वास आला. वास कुठून येतोय म्हणून तिने टॉर्च दातात धरला आणि हात आत घातला. इंजिन बर्फासारखं गार. बॅटरी गार. पण पायाखालच्या पेडलपासून इंजिनाकडे जाणारी ॲक्सिलरेटरची बारीक केबल हाताला चटका देत होती.

हे काही तिने आजवर पाहिलं नव्हतं. ती तशीच वाकून उभी राहिली. खिडकीतला दिवा लागलेला होता. वर्तमानपत्र दिसत होतं, आणि ते बोटभर नाही, चांगलं हातभर खाली आलं होतं.

मावशीने टॉर्च तोंडातून काढला आणि व्हॅनला मोठ्याने म्हणाली, "काय गं म्हातारे, एवढ्या गारठ्यात तुझी ॲक्सिलरेटरची केबल कशी काय तापते?"

खिडकीची कडी वाजली.

"कुठली केबल?" उस्तादांनी आकाशाला विचारलं.

"ॲक्सिलरेटरची," मावशीने व्हॅनला सांगितलं. "चटका बसतोय."

"तो वकील काळा चिमटा कुठे लावत होता? बॅटरीला की इंजिनाला?"

"इंजिनाला. वरच्या कडीला. पुस्तकात तसं लिहिलंय म्हणाला."

"आणि दोन्ही दिवस पहिल्या सेल्फला सुरू?"

"पहिल्या."

खिडकी बंद झाली. झालं, एवढंच बोलायचं होतं वाटतं. पण मग मागचं दार उघडलं आणि उस्ताद अंगणात आले. कानाला मफलर, पायात चपला, दोन्ही हात शालीत. रंग संपल्यापासून ते व्हॅनच्या इतक्या जवळ आले नव्हते.

"बॅटरी चांगली आहे. सेल्फही चांगला आहे," ते म्हणाले. या वेळी आकाशाकडे न बघता. "करंट जातोय, पण त्याला परत यायला वाट नाही. इंजिन रबरावर बसलेलं असतं. इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याची एक वेणी असते, तिच्यातून तो परत येतो. ती वाट बुजलीय. म्हणून बिचारा त्या केबलमधून रांगत येतोय आणि केबल तापतेय. वकिलाने चिमटा थेट इंजिनाला लावला, म्हणजे त्याला दुसरी वाट करून दिली."

"मग दुपारी कशी सुरू होते?"

"दुपारी ऑइल पातळ असतं. थोडक्या करंटात भागतं. थंडीत ऑइल गुळासारखं होतं, तेव्हा जास्त लागतो."

हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मावशी ऐकत होती, पण खरं तर तिला त्यातला फक्त आवाज ऐकू येत होता. जुना, गॅरेजमधला आवाज.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सहा दहा."

"पावणेसातला निघालीस तर पोचशील. पोतं आण. तेरा नंबरचा पाना आण, पॉलिश पेपर आण. खाली तुला जावं लागेल. मला..." ते थांबले. शालीतले हात हलले. "मला नाही कळायचं तिथे काय आहे ते."

मावशीने पोतं अंथरलं, पाठीवर झोपली आणि व्हॅनच्या खाली सरकली.

"गिअरबॉक्स दिसतोय? त्याच्या डाव्या अंगाला, चपटी वेणी. एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं चौकटीला."

"दिसली."

"चौकटीकडचं टोक सोडव."

बोल्ट सुटला. वेणीचं टोक बाजूला झालं. मावशीने टॉर्च वर धरला आणि तिला दिसलं.

वेणीच्या खाली, जिथे उघडं लोखंड असायला हवं, तिथे हिरवा रंग होता. नीट, गुळगुळीत, दोन हातांचा. फाटकाचा हिरवा, स्टुलाचा हिरवा. उस्तादांनी त्या आठवड्यात वेणी सोडवली होती, खालची जागा स्वच्छ रंगवली होती, रंग वाळू दिला होता आणि वेणी परत वर बसवली होती. दुसऱ्या कुणीही वरच्यावर ब्रश फिरवून काम उरकलं असतं आणि काही बिघडलं नसतं. कामात चोख असणारा माणूसच अशी चूक करू शकत होता. काखेत कळसा होता, आणि मावशी बॅटरीच्या दुकानापर्यंत वळसा घालून आली होती.

"काय दिसतंय?" वरून आवाज आला.

एका चाकाने या माणसाचं शटर खाली आलं होतं. आत्ता कुठे तो चपला घालून अंगणात आला होता. आणि आता त्याला सांगायचं, की हेही तुम्हीच केलंत?

"गंज," ती म्हणाली. "गंज चढलाय हो. केवढातरी."

"घास मग. लोखंड चमकेपर्यंत घास."

तिने घासलं. डोळे मिटून, ओठ आवळून घासलं. भुकटी तोंडावर पडत होती. लोखंड पांढरं चमकायला लागलं, तशी तिने वेणी परत बसवली आणि बोल्ट फिरवला.

"किती घट्ट करू?"

"मी सांगतो. तू फिरव."

तिने पाना ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी बोल्टने बारीक 'कुई' केलं.

"आता पाव फेरा आणखी," उस्ताद म्हणाले. तिने ओढला. "बस. बसला."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर हातही लावला नाहीत."

"ऐकू आलं की." हे बोलून त्यांनी कानावरचा मफलर मागे सारला.

मावशी पोत्यावरून बाहेर सरकली, उठली, कपडे झटकले. उस्तादांनी टॉर्चच्या उजेडात तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बरंच पाहिलं, आणि म्हणाले, "जा. हीटर लाव."

पिवळा दिवा लागला. विझला. मावशीने मनात म्हटलं, म्हातारे, आजचा दिवस लाज राख. सेल्फ मारला. व्हॅन अशी दणदणीत उठली, की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

पहिल्या दारात पोचली तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. मुलं एकेक करून चढली. पुढच्या सीटवर बसणारी, समोरचे दोन दात पडलेली मुलगी मावशीकडे टक लावून बघत राहिली. फाटक दिसायला लागलं तसं तिने विचारलं, "मावशी, तुमच्या कपाळाला हिरवं हिरवं काय लागलंय?"

मावशीने आरशात पाहिलं. कपाळावर, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर हिरवी भुकटी. केसांतसुद्धा. आणि अशा तोंडाने ती टॉर्चच्या उजेडात त्यांच्यासमोर उभी राहिली होती, गंज गंज करत.

सात चोवीसला ती फाटकातून आत गेली. चौकीदाराने वही मिटली आणि हसून हात केला. एरवी मावशी दोन शब्द बोलली असती. आज तिने नुसती मान हलवली. मुलं उतरली, तिने व्हॅन वळवली आणि सगळा रस्ता ती स्वतःला कोसत आली. त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कळलं होतं. आणि तरी एक अक्षर न बोलता 'जा' म्हणाले होते. आता खिडकीत तरी असतील का?

खिडकी रिकामी होती.

मावशीने व्हॅन आत घेतली, आणि मग तिचं लक्ष उजवीकडे गेलं. गॅरेजचं शटर कमरेपर्यंत वर गेलेलं होतं. त्याच्यापुढे हिरव्या स्टुलावर उस्ताद बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून.

"बंद कर," ते म्हणाले. तिने इंजिन बंद केलं. "आता परत मार." व्हॅन सुरू झाली. त्यांनी मान एका बाजूला करून ऐकलं. "हां. बंद."

मावशी खाली उतरली. उस्तादांनी विचारलं, "गंज हिरवा कधीपासून यायला लागला गं?"

"तुम्हाला दिसलं होतं ना?"

"बोटं गेलीत माझी. डोळे आहेत."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मुलं थांबली होती. आणि तू इतकं मन लावून खोटं बोलत होतीस." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "वेणी सोडवून खाली रंग लावणारा महाभाग! माझ्याकडे कामाला असता आणि असं केलं असतं, तर त्याला पान्याने बडवला असता. सकाळी तू गेल्यावर मला आधी फार वाईट वाटलं. म्हटलं, संपलं, आता ब्रशसुद्धा हातात धरायची लायकी नाही राहिली. मग वाटलं, अरे, पण सापडलं कुणाला? बॅटरीवाल्याला सापडलं नाही, वकिलाच्या पुस्तकात सापडलं नाही. खिडकीत बसून मला सापडलं."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते हिरव्या हातांनी पुसलं, त्यामुळे चेहरा आणखीच बिघडला. "मी तेव्हा म्हटलं ना, तुमच्याच्याने नाही व्हायचं. मला तसं म्हणायचं नव्हतं हो. चार महिने रोज वाटतंय, ते परत घ्यावं."

"खोटं नव्हतीस बोलली. माझ्या एकट्याच्याने नाहीच व्हायचं आता."

"मग हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"घड्याळाला सांगितलं होतं दोन-तीनदा."

"मेल्याने निरोप दिला नाही," मावशी म्हणाली, आणि दोघं हसली. हसताना उस्तादांना खोकला आला, आणि मावशीने त्यांच्या पाठीवर हात फिरवला, तिथेही हिरवे पंजे उमटले.

खोकला थांबल्यावर त्यांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "त्या बेकरीवाल्याचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

"आहे. का?"

"त्याला म्हणावं, गाडी घेऊन ये. ते चाक काढून परत बसवायचंय. चारही बसवायचीत. पैसे नकोत." ते जरा थांबले. "नट तू आवळ. मी ऐकतो."

मावशीने फोन काढला, नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग कुणीतरी उचलला. तिने फोन स्वतःच्या कानाला लावलाच नाही. हात लांब करून उस्तादांच्या कानाला लावला.

उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "गॅरेजमधून."